पोरगं चिल्क्याला, आई नाईटला

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की मी ३१ वर्षं सिस्टर म्हणून वॉर्डात काढली आणि माझा मुलगा नेव्हीत आहे, आणि त्या एका ओळीवरून या महिन्यात जी पत्रं आलीयत नं, ती वाचून मी थक्कच झाले. पुण्यात एवढ्या सिस्टर्सची पोरं नेव्हीत आहेत हे मला माहीतच नव्हतं. म्हणून यावेळचं सदर सगळं याच विषयाला दिलंय. तुम्ही सगळ्या माझ्यापेक्षा लहान आहात, मी अगं-तुगंच करणार, राग मानू नका.

ज्या वाचकांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, चिल्का म्हणजे आयएनएस चिल्का, ओडिशात चिलिका सरोवराच्या काठी आहे, १९८० पासून. नेव्हीत सेलर, म्हणजे नौसैनिक म्हणून भरती होणाऱ्या पोरापोरींचं पहिलं ट्रेनिंग तिथे होतं. हल्ली अग्निवीर म्हणून जातात ते साधारण चार महिने तिथे असतात, माझा मुलगा गेला तेव्हा याहून जास्त होतं.

प्रश्न : ताई नमस्कार, मी हडपसरला राहते, एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे, १७ वर्षं झाली. मुलगा १८ वर्षांचा, तीन आठवड्यांपूर्वी चिल्क्याला गेला. गेल्या रविवारी त्याचा फोन आला तेव्हा माझा फोन लॉकरमध्ये होता, आयसीयूत आम्हाला फोन जवळ ठेवता येत नाही. दुपारी सुटल्यावर बघितलं तर अनोळखी नंबरवरून तीन मिसकॉल, ११.१०, ११.१२ आणि ११.१९. उलट लावला तर लागेना. त्या वेळी मी सात नंबरच्या पेशंटचं सक्शन करत होते, म्हणजे नळीने घशातला कफ ओढून काढत होते, तो पण असाच विशीतला पोरगा, बाईकवरून पडलेला, त्याची आई बाहेर बाकावर बसलेली. घरी येईपर्यंत पीएमपीच्या बसमध्ये रडत आले. मिस्टर म्हणतात पुढच्या रविवारी येईल की फोन, त्यात काय. मी रोज कितीतरी नातेवाईकांना सांगते की काळजी करू नका, काही असलं तर आम्ही कळवू, आणि आता तेच वाक्य मला कुणी म्हटलं की डोकंच फिरतं. मग मी कसली नर्स?

उत्तर : अगं, ते शेवटचं वाक्य आधी खोडून टाक. तुझं डोकं फिरतं कारण ते वाक्य आपण कधी म्हणतो ते तुला माहितीये. रात्री तीनला डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे अडकलेत, आपल्याकडे सांगायला काही नाही, समोर बाई हात जोडून उभी आहे, तेव्हा आपण म्हणतो काळजी करू नका. तिची काळजी त्याने एका पैशाने कमी होत नाही आणि ते आपल्यालाही दिसत असतं. नातेवाईक खरे कधी शांत होतात सांग बरं? "सहा वाजता मी स्वतः बाहेर येऊन सांगते" असं म्हटलं आणि सहाला खरंच बाहेर आलो की. मग बातमी एवढीशी का असेना, ताप उतरलाय, लघवी झालीये, बास, ती बाई निदान चहा तरी पिऊन येते. ठरलेली वेळ आणि थोडीशी पण खरी बातमी. आता तू बाकावर बसलीयस तर तुलाही हेच लागणार, आणि त्याची सोय तुलाच करावी लागणार, कारण घरच्यांना हे कळत नाही.

पहिली गोष्ट नंबरची. ट्रेनिंगमध्ये स्वतःचा मोबाईल सारखा हातात नसतो आणि आपल्या पोरांना आईचा नंबर पाठ नसतो, सेव्ह असतो. माझ्या मुलाला मी जायच्या आधी आठ दिवस रोज जेवताना दोन नंबर म्हणायला लावले होते, एक माझा आणि एक माझ्या बहिणीचा, जी रविवारी हमखास घरी असते. आई उचलत नसेल तर दुसऱ्यांदा आईला लावायचंच नाही, सरळ मावशीला लावायचं. तुझ्या पोराने तीनदा तुलाच लावला, तेच जर त्याने एकदा तुला आणि एकदा मावशीला किंवा आजीला लावला असता तर निरोप तरी मिळाला असता. आता हे त्याला पत्रात लिही. हो, पत्रातच, पोस्टाने, आणि दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात लिही. हल्लीच्या पोरांना पत्र म्हणजे नवल वाटतं पण माझ्या मुलाने माझी सगळी पत्रं ट्रंकेत जपून ठेवलीत, त्यात नुसतं गल्लीतल्या कुत्र्याला पिल्लं झाली वगैरे लिहिलेलं आहे.

दुसरी गोष्ट इन्चार्ज सिस्टरशी बोल, आणि तोंडी नको, अर्ज दे. मी शेवटची नऊ वर्षं इन्चार्ज होते म्हणून सांगते, "मला रविवार ऑफ पाहिजे" हे ऐकलं की इन्चार्जच्या कपाळाला आठी पडणारच, कारण रविवार सगळ्यांनाच पाहिजे असतो. पण "अमुक तारखेपर्यंत रविवारी सकाळी नको, त्याबदल्यात सणाच्या दिवशीची ड्युटी मी करते" असं शेवटची तारीख घालून कुणी लिहून दिलं तर मी शक्यतो नाही म्हटलं नाही. तेही जमत नसेल तर बरोबरच्या एका स्टाफला विश्वासात घे, फोन रिसेप्शनवर किंवा वॉर्ड क्लार्ककडे ठेव, फोन आला की ती तुझे दोन बेड बघेल आणि तू सहा मिनिटं बाहेर. सहा मिनिटं मी अंदाजाने म्हणत नाहीये, आमच्याकडे साधारण तेवढंच बोलणं व्हायचं, मागे लाईन असायची.

आणि त्या सहा मिनिटांत "कसा आहेस" विचारू नकोस, पोरगं "बरा आहे" म्हणतं आणि विषय संपतो. पोहायला जमतंय का विचार. तिथे पोहणं यावंच लागतं आणि आपल्याकडची निम्मी पोरं पाण्याला बिचकून गेलेली असतात, त्यामुळे या प्रश्नाला खरं उत्तर येतं आणि आवाजावरून बाकीचं तुला कळेलच, तू १७ वर्षं आवाज ऐकतेयस लोकांचे. मी एक छोटी वही केली होती, पेशंटच्या ताप-नाडी-श्वासाच्या टीपीआर चार्टसारखी, तारीख, फोनची वेळ, आवाज कसा, खोकला आहे का, जेवण, झोप. पहिल्या फोनला लिहिलंय "आवाज बसलेला, ओरडून की सर्दी?" आणि सातव्या फोनला लिहिलंय "हसला". रात्री नाईटला जीव घाबरा झाला की ती वही काढून वाचायची. मोबाईलवर दुसऱ्यांचे व्हिडीओ बघत बसण्यापेक्षा त्याचा मला उपयोग झाला.

आणि त्या ११.१० ला तू सात नंबरजवळ होतीस, ते बरोबरच होतं. त्या बाकावरच्या आईसाठी तू तिथे होतीस.

प्रश्न : ताई, मी सिंहगड रोडला राहते, दवाखान्यात एएनएम (सहायक परिचारिका) आहे. माझी मुलगी अग्निवीर म्हणून नेव्हीत गेलीये. सासरचे म्हणतात मुलीला कशाला पाठवलं, तू सिस्टर आहेस तर तिलाही सिस्टर करायचं. ते मी सहन करते. पण ती फोनवर म्हणाली की पाय दुखतात, नडगीत, आणि कुणाला सांगू नको. मी लगेच कॅल्शियम, पेनकिलर, क्रेप बँडेज, पाळीसाठीच्या गोळ्या, सगळं पार्सल करायला काढलं. पाठवू का? तिला तिथे कोण बघणार?

उत्तर : पार्सल पाठवू नकोस. मला माहितीये हात शिवशिवतात, आपल्याला औषधाचा डबा हातात घेतल्याशिवाय काळजी करताच येत नाही. पण तिथे नेव्हीचं स्वतःचं हॉस्पिटल आहे, आयएनएचएस निवारिणी, तिथे डॉक्टर आहेत, मेडिकल असिस्टंट आहेत. पेनकिलर घेऊन ती रोज पळत राहिली तर जे दुखणं आठ दिवसांच्या आरामाने गेलं असतं ते फ्रॅक्चरवर जाईल.

नडगीचं मी जरा नीट सांगते, कारण हे मुलांच्या आयांनाही लागू आहे. एकदम पळणं, परेड, कडक बूट, सिमेंटचं मैदान, याने नडगीच्या आतल्या बाजूला लांब पट्ट्यात दुखतं, पळायला सुरुवात केली की दुखतं आणि आराम केला की कमी होतं, हे बऱ्याच जणांना होतं. पण दुखणं जर एका ठिकाणी आलं, बोट ठेवून दाखवता येईल इतकं एका जागी, आणि झोपेतही दुखायला लागलं, किंवा एका पायावर उडी मारता येईना, तर ती हाडाला बारीक चीर असू शकते, स्ट्रेस फ्रॅक्चर. मुलींमध्ये याचं प्रमाण जास्त असतं. अमेरिकेच्या नेव्हीत ५,२०१ मुलींवर एक अभ्यास झाला होता, २००८ साली तो छापून आला, त्यात ट्रेनिंगच्या काळात रोज कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी दिलेल्या मुलींमध्ये ही फ्रॅक्चर्स २० टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे तुझं कॅल्शियमचं डोकं बरोबर चाललंय, फक्त ते तिथल्या डॉक्टरच्या सल्ल्याने व्हायला पाहिजे. आणि ज्यांच्या मुली अजून जायच्यात त्यांनी आत्ताच दूध, नाचणी, तीळ, सकाळचं ऊन आणि हिमोग्लोबिन याकडे बघा, जायच्या आदल्या दिवशी नको.

खरी अडचण तिच्या "कुणाला सांगू नको" मध्ये आहे. पोरं दुखणं लपवतात कारण भीती असते की मागच्या बॅचमध्ये टाकतील, त्याला ते रेलिगेट होणं म्हणतात. तू तिला सांग, एक बॅच मागे गेलीस तरी मला काही वाटणार नाही, दुखणं लपवलंस तर वाटेल. हे आईच्या तोंडून ऐकलं पाहिजे पोरीने, कारण तिला वाटत असतं की सासरच्यांसमोर आईची मान खाली जाईल. तुझ्या पत्रावरून मला वाटतं तिला घरातलं हे सगळं माहिती आहे.

सासरच्यांना सांग की अग्निवीरांची पहिली बॅच चिल्क्यावरून बाहेर पडली २८ मार्च २०२३ ला, त्यात २७० च्या आसपास मुली होत्या, आणि ती परेड सूर्यास्तानंतर दिव्यांच्या उजेडात झाली, अशी पहिल्यांदाच. तुझ्या मुलीच्या परेडला त्यांना घेऊन जा. सासूबाईंना तर नक्की ने.

प्रश्न : शेजारी विचारतात एनडीएला का? नाही म्हटलं की तोंड वाकडं करतात. शिवाय चार वर्षांनी काय, हा प्रश्न आहेच. (एक आई, धनकवडी)

उत्तर : पुण्यात हे होणारच, खडकवासला शेजारी असल्याने सैन्य म्हटलं की लोकांना एनडीएच आठवतं. तिथून अधिकारी तयार होतात, आपली मुलं सेलर आहेत, जहाजाचं इंजिन, रडार, तोफा, स्वयंपाकघर, सगळं त्यांच्या हाताखालून जातं. माझा मुलगा इंजिनरूममध्ये आहे, त्याच्या हाताच्या रेषांत ग्रीस बसलंय ते साबणाने निघत नाही, मला त्या हाताचा अभिमान आहे आणि मी शेजाऱ्यांना तसं सांगते.

चार वर्षांचं म्हणशील तर नियम सरळ आहे, चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंत मुलं कायम होतात. बाकीचे सेवा निधी घेऊन बाहेर. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० पगार, त्यातले ९,००० निधीत कापले जातात, हातात २१,००० येतात, सरकार तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनी व्याज सोडून दहा लाखांच्या आसपास होतात. माझं एकच म्हणणं, पहिल्या महिन्यापासून घरी पैसे पाठव म्हणू नकोस. आणि तिथे असताना पुढच्या शिक्षणाबद्दल त्याच्याशी बोलत राहा, बारावीनंतरची चार वर्षं भुर्रकन जातात.

प्रश्न : ताई, आमच्या हॉस्पिटलमध्ये आम्ही चौघी आहोत ज्यांची मुलं नेव्हीत आहेत, वॉर्डातली एक मावशी (आया) पण आहे आमच्यात, तिचा मुलगा जहाजावर आहे. वाटतं एकमेकींना धरून काहीतरी करावं पण चौघींच्या चार शिफ्ट, भेट होत नाही. तुम्ही काय केलं होतं?

उत्तर : आम्ही तिघी होतो, मी मेडिसिनला, एक मॅटर्निटीला आणि एक ऑपरेशन थिएटरला. काही ठरवून केलं नाही. मॉर्निंग संपली की सव्वादोनला कँटीनच्या मागच्या टेबलावर दहा मिनिटं बसायचं, जी असेल तिने. शिफ्ट बदलताना ओव्हर देतो नं आपण, पाच नंबरला ताप, आठ नंबरची सलाईन संपत आलीये, अगदी तसंच एकमेकींना द्यायला लागलो. "त्याचा फोन या रविवारी आला नाही, माझी आज नाईट आहे." बास, एवढंच सांगायचं. मग दुसरीला माहीत असायचं की आज हिला सांभाळायचंय, आणि ती रात्री अकराला वॉर्डात एक चक्कर मारून जायची, काही न बोलता, पाण्याची बाटली भरून ठेवायची. घरचे "एवढं काय" म्हणतात, बाहेरचे "देशसेवा आहे" म्हणतात, दोन्ही खरंच आहे पण पहाटे चारला चार्टवर सह्या करताना दोन्हीचा उपयोग होत नाही.

काही गोष्टी आम्ही पाळायचो. नाईट करून गेलेलीला दुपारी दोनच्या आत फोन करायचा नाही, कितीही आनंदाची बातमी असो. जिच्या मुलाची परेड, तिच्या नाईट दुसऱ्या दोघी घेणार, हिशेब ठेवायचा नाही. परेडला जायची तर रजा महिनाभर आधी टाका, कारण कोणार्क एक्सप्रेस पुण्यावरूनच जाते आणि तिने गेलं तरी जायला दीड दिवस, यायला दीड दिवस, म्हणजे आठवड्याची रजा धराच. मी गेले तेव्हा धपाटे, दाण्याची चटणी आणि शेवटच्या जेवणाला दशम्या असा डबा होता, सोलापूरपर्यंतच निम्मा संपला कारण डब्यात आमच्यासारखीच दोन कुटुंबं निघाली. परेड झाल्यावर मी मुलाला बसच्या मागे नेलं आणि बूट काढायला लावला. तो म्हणे आई इथे नको, मी म्हटलं काढ. टाचेवर फोड येऊन भरून आलेली जागा होती, गुलाबी, नवी कातडी, रुपयाएवढी. मी अंगठा फिरवून बघितलं, कडा कोरड्या होत्या, सूज नव्हती. मग मला बरं वाटलं. तोपर्यंत मी परेड नीट बघितलीच नव्हती खरं तर.

त्या मावशीला तुम्ही घेतलंय नं, हे फार चांगलं केलंत. तिला बाजूला बसवू नका, तिचा मुलगा जहाजावर पोचलाय म्हणजे तुमच्यात सगळ्यात जास्त तिलाच माहीत आहे. पुढची ट्रेनिंग कुठे असतात ते तिच्याकडून समजून घ्या, इंजिनिअरिंगवाल्यांचं आपल्या लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत असतं, इलेक्ट्रिकलचं जामनगरला आयएनएस वालसुरात, मेडिकल असिस्टंटचं मुंबईत नेव्हीच्या अश्विनी हॉस्पिटलला. माझा लोणावळ्याला आला तेव्हा मी लोकलने जायचे, वीकली ऑफला, लाडूचा डबा घेऊन, आणि इतकं जवळ आलं माझं पोरगं असं वाटायचं की मॅटर्निटीवालीला वाईट वाटू नये म्हणून मी तिच्यासमोर ते फार बोलायचे नाही, तिचा जामनगरला होता.

आणि जहाजाचं नाव, कुठे आहे, कुठे निघालंय, हे आपसांतसुद्धा विचारायचं नाही, लिहायचं तर मुळीच नाही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी हे किती बरोबर आहे ते कळलं. एका रात्री टीव्हीवर कराची बंदराबद्दल काहीबाही चालू होतं, नेव्हीने असं केलं नि तसं केलं, सकाळी त्यातलं खरं काही निघालं नाही. त्या रात्री आमच्या ओळखीतल्या दोघीजणी नाईटला होत्या आणि वॉर्डातल्या नातेवाईकांच्या मोबाईलवर तेच चालू. एकीने मला फोन केला, आवाज कापत होता, म्हणाली ताई इंजेक्शन लोड करतीये आणि हात थरथरतोय. मी म्हटलं सिरिंज खाली ठेव, दुसऱ्या स्टाफला डोस भरू दे, तू व्हायटल्स, नाडी-बीपी घे. माझाही मुलगा समुद्रावरच होता. मी टीव्ही बंद केला आणि पहाटेपर्यंत दर तासाला तिला फक्त "चहा झाला का" एवढा मेसेज टाकत राहिले आणि ती "हो" लिहीत राहिली. हात थरथरत असताना औषध भरायचं नाही, हे मी तुम्हाला निक्षून सांगते. पेशंटशी आपला वाद नाही.

फारच झोप उडाली, आठवडा-दोन आठवडे गेले तरी जेवण जाईना, तर १४४१६ वर टेली मानसला, सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला फोन करा, मराठीतही बोलता येतं. आणि सैन्यातल्या लोकांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी त्याचा वेगळा कक्ष २०२३ च्या डिसेंबरात आपल्या पुण्यातच एएफएमसीत, सैन्याच्या मेडिकल कॉलेजात सुरू झाला. आपण दुसऱ्यांना चिठ्ठी लिहून देतो, स्वतः फोन करायला लाजतो.

प्रश्न : ताई, हे छापलं नाही तरी चालेल. माझा मुलगा लेखी पास झाला, पळण्यात पास झाला, इथल्या मेडिकलला पास झाला, कॉलनीने फ्लेक्स लावला, आणि चिल्क्याला फायनल मेडिकलमध्ये डाव्या कानाच्या पडद्याला भोक निघालं, अनफिट करून घरी पाठवला. लहानपणी त्याचा कान वाहायचा. तेव्हा मी डबल ड्युटी करायचे, घरीच ड्रॉप घालायचे, ईएनटीला नेऊ नेऊ म्हणत राहिले. मी सिस्टर असून. तो आता खोलीतून बाहेर येत नाही, मला काही बोलत नाही, हेच जास्त लागतं. हॉस्पिटलमधल्या ज्यांची मुलं नेव्हीत आहेत त्या माझ्याशी बोलताना गप्प होतात. (दापोडी)

उत्तर : छापतीये, तुझं नाव नाहीये, आणि हे पत्र बाकीच्या चौघींनी वाचायलाच पाहिजे.

कानाचं आधी. वाहणारा कान घरोघरी असतो, ड्रॉप घालून बंद होतो, मूल ऐकतंय, बोलतंय, अभ्यास करतंय म्हणजे कुणाच्याही डोक्यात येत नाही की पडद्यात भोक राहिलंय. माझ्या वॉर्डात डॉक्टरांच्या मुलांचे पण असे कान बघितलेत मी. तू त्या वेळी डबल ड्युटी चैनीसाठी करत नव्हतीस. पण मी तुला "तुझी चूक नाही" एवढं म्हणून सोडणार नाही कारण ते तुला पटणार नाही, मला माहितीये. तू त्याला एकदा सांग. "तेव्हा मी तुला ईएनटीला न्यायला पाहिजे होतं, राहिलं माझ्याकडून." समोर बसून, न रडता जमलं तर न रडता. त्याला ते आत कुठेतरी माहीत आहे आणि तू बोलत नाहीस तोवर तो पण बोलणार नाही. मग त्याला आत्ता ईएनटीकडे ने, चांगल्या, कान नेव्हीसाठी नाही, त्याच्यासाठी बघायचा, पडदा बसवायचं ऑपरेशन होतं की नाही ते ते सांगतील. चिल्क्याहून जो कागद मिळालाय तो शब्दन्‌शब्द वाच, त्यावर काही मुदत असली तर चुकवू नका. आणि तो फ्लेक्स अजून असेल तर आज रात्री मिस्टरांना घेऊन उतरवा, त्याला सांगू नका उतरवला म्हणून, त्याला दिसेल. खोलीत बसणं तीन आठवड्यांच्या वर गेलं, झोप-जेवण बिघडलं, मरणाबिरणाचं काही बोलला, तर त्याच दिवशी डॉक्टर, वाट बघायची नाही. १४४१६ त्यालाही आहे.

आता दुसरं. वर मी आमच्या तिघींचं लिहिलंय नं, ते पूर्ण खरं नाहीये. आम्ही आधी चौघी होतो. चौथीचा मुलगा असाच फायनल मेडिकलमधून परत आला, त्याचं डोळ्याचं निघालं होतं. आणि आम्ही तिघींनी काय केलं माहितीये, आम्ही तिच्यासमोर नेव्हीचं बोलणं बंद केलं. आम्हाला वाटलं तिला त्रास नको. ती टेबलाशी आली की आम्ही साडीबद्दल बोलायचो, ड्युटी लिस्टबद्दल बोलायचो. महिन्याभरात ती सव्वादोनला यायची बंद झाली आणि आम्ही मनातून सुटलो, हे लिहायला मला आज १० वर्षांनी पण जड जातंय. मी परेडला गेले तेव्हा माझ्या दोन नाईट तिने घेतल्या होत्या. मी मागितल्या नव्हत्या, मी आल्यावर ड्युटी लिस्ट बघितली तेव्हा कळलं. परत आल्यावर तिच्यासाठी तिकडचा खाजा आणला होता तो पण मी दुसरीच्या हातून पाठवला, स्वतः गेले नाही. का गेले नाही तर तिच्यासमोर परेडचे फोटो कसे दाखवायचे हे मला सुचत नव्हतं. ती पुढच्या वर्षी बदली घेऊन गेली.

गेल्या गणपतीत ती मला लक्ष्मी रोडला भेटली. तिचा मुलगा पिंपरीत एका कंपनीत आहे, लग्न झालंय. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "अगं ते जाऊ दे, तुझा आता कुठल्या पोर्टला असतो ते तर सांगितलंच नाहीस कधी." उभ्याउभ्या अर्धा तास मी तिला सांगितलं, पहिल्या दिवसापासून, टाचेचा फोड, लोणावळा, सगळं, आणि ती सगळं ऐकत होती, मधेमधे विचारत होती. म्हणजे तिला ऐकायचं होतं. आम्ही गप्प बसून तिच्यापासून तेही काढून घेतलं होतं.

म्हणून तुझ्या हॉस्पिटलमधल्या त्या गप्प होणाऱ्यांना तूच विचार, तुझ्या पोराचा फोन आला का गं रविवारी. एकदाच. त्यांना तोंड उघडायला जागा मिळेल, त्या वाईट नाहीयेत, त्यांना सुचत नाहीये.

आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी चार वाजता आम्ही काही जणी माझ्या घरी जमतोय, पत्ता मी तुला वेगळा कळवते. हडपसरवालीला मी सांगितलंय तिचा फोन तोपर्यंत होऊन जाईल. त्या दिवशी माझा मुलगा सुट्टीवर घरी असेल. तुझ्या मुलाला यायचं असेल तर घेऊन ये, नसेल तर आग्रह करू नकोस, तू ये. शिफ्टचं काय ते मला आधी कळव, इव्हिनिंग असेल तर आपण सकाळी अकराला बसू.